वास्तवाचा धनी कोण? : रिअॅलिटी कार्यक्रम व माहितीपटांच्या निर्मितीसंस्था आणि मुळशी-मावळ परिसर

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून भारतीय दूरचित्रवाणीवर कौटुंबिक मालिकांच्या बरोबरीने ज्या कार्यक्रमांनी आपले स्थान पक्के केले, त्यांत 'रिअॅलिटी शो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमांचा वाटा मोठा आहे. त्यांच्याविषयी मराठीत जी चर्चा होते ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. पडद्यावर दिसते ते खरोखर वास्तव असते काय, आणि त्याचा प्रेक्षकांवर, विशेषतः मुलांवर, काय परिणाम होतो? दोन्ही प्रश्न महत्त्वाचेच आहेत. परंतु त्यांत एक घटक दुर्लक्षित राहतो. श्रेयनामावलीच्या अखेरीस क्षणभर झळकून जाणारी निर्मितीसंस्था हा तो घटक होय. वाहिनी कार्यक्रम दाखवते, प्रायोजक पैसा पुरवतो, प्रेक्षक तो पाहतो. पण सामान्य माणसाच्या रडण्या-हसण्याचे, गाण्याचे, भांडणाचे चित्रण करून त्याचे विक्रीयोग्य वस्तूत रूपांतर करण्याचे काम निर्मितीसंस्था करते. या वस्तूची मालकी कोणाकडे राहते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनासाठी मुळशी तालुका व त्याला लागून असलेला मावळ तालुका हा परिसर घेतला आहे. मुळशीतील लवळे येथे सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठाची माध्यम व संज्ञापन संस्था असून तेथे दृक्-श्राव्य निर्मितीचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. फ्लेम विद्यापीठही लवळ्यातच आहे. म्हणजे या उद्योगाला लागणारे मनुष्यबळ येथे घडते. मावळातील लोणावळ्यात 'बिग बॉस'चे घर अनेक हंगाम उभे होते. आणि त्याच मुळशी पेट्यात १९२१ साली धरणग्रस्तांचा जो सत्याग्रह झाला, तो माहितीपटाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील अत्यंत समृद्ध विषयांपैकी एक आहे. प्रशिक्षण, कारखाना आणि कच्चा माल अशा तिन्ही गोष्टी काही मैलांच्या टापूत क्वचितच आढळतात.

फॉरमॅट : कल्पनेची विक्री

निर्मितीसंस्थांचा व्यवहार समजून घेण्यासाठी प्रथम 'फॉरमॅट' ही संकल्पना स्पष्ट केली पाहिजे. फॉरमॅट म्हणजे कार्यक्रमाचा असा आराखडा, की जो भाषा, देश व माणसे बदलूनही पुन्हा उभा करता येतो. स्पर्धक किती, ते बाद कसे होतात, कॅमेरे कोठे लावायचे, संगीत केव्हा वाजवायचे, सूत्रसंचालकाने कोणत्या क्षणी थांबायचे, या सर्वांच्या सूचना एका जाडजूड पुस्तिकेत दिलेल्या असतात. व्यवसायात या पुस्तिकेला 'बायबल' म्हणतात. परवाना घेणाऱ्याला ही पुस्तिका मिळते, शिवाय मूळ कंपनीचा अनुभवी निर्माता येऊन मार्गदर्शन करतो. विकला जातो तो चित्रित झालेला कार्यक्रम नव्हे, तर तो चित्रित करण्याचे ज्ञान.

'बिग ब्रदर' हे याचे ठळक उदाहरण होय. हा कार्यक्रम १९९९ साली नेदरलंड्समध्ये एंडेमॉल या कंपनीने प्रथम सादर केला. कंपनीचे नाव योप व्हॅन डेन एंडे व जॉन डी मोल या दोन निर्मात्यांच्या आडनावांच्या जोडणीतून आलेले आहे. पुढच्याच वर्षी स्पेनच्या टेलिफोनिका या दूरसंचार कंपनीने एंडेमॉल विकत घेण्याचा सौदा साडेपाच अब्ज युरोच्या घरात केला. दूरध्वनीच्या तारा टाकणाऱ्या कंपनीला मनोरंजनाच्या आराखड्यांसाठी एवढी किंमत मोजावीशी वाटली, यातच या व्यापाराचे मर्म आहे. एंडेमॉल पुढे हस्तांतरित होत राहिली आणि २०२० साली बानिजे या फ्रेंच समूहाकडे गेली. मालक बदलले तरी आराखडा तोच राहिला.

भारतात या व्यापाराची व्यापक ओळख झाली ती ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या 'कौन बनेगा करोडपती'मुळे. मूळ आराखडा सेलाडोर या ब्रिटिश कंपनीचा, भारतीय निर्मिती सिद्धार्थ बसू यांच्या सिनर्जी संस्थेची, वाहिनी स्टार प्लस. मराठीत तोच आराखडा २०१३ साली ई टीव्ही मराठीवर आणि २०१९पासून सोनी मराठीवर आला. 'बिग बॉस'ची पहिली हिंदी आवृत्ती नोव्हेंबर २००६ मध्ये सोनी वाहिनीवर व दुसरी २००८ मध्ये, त्याच वर्षी सुरू झालेल्या कलर्स वाहिनीवर प्रक्षेपित झाली.

लोणावळ्यातील घर

'बिग बॉस'चे घर म्हणजे वस्तुतः एक बंदिस्त चित्रीकरणगृह होय. स्पर्धकांना घड्याळ नाही, दूरध्वनी नाही, वर्तमानपत्र नाही. बाहेरच्या जगाचा संबंध तोडणे हाच आराखड्याचा गाभा आहे. हिंदीचे अनेक हंगाम लोणावळ्यात चित्रित झाले. एवढेच नव्हे, तर कन्नड (२०१३), तेलुगू (२०१७) व मराठी (२०१८) या भाषांतील पहिले हंगामही लोणावळ्यातच चित्रित झाले. यामागील हिशेब सरळ आहे. मुंबईचे तंत्रज्ञ व यंत्रसामग्री द्रुतगती मार्गाने येथे दोन-तीन तासांत पोहोचते, जागा मुंबईपेक्षा मोकळी मिळते, आणि एकदा उभारलेल्या घराचा खर्च अनेक भाषांत वाटला जातो. भिंतींचा रंग व सजावट बदलली की बंगळूरचा प्रेक्षक ते घर आपले समजतो आणि हैदराबादचाही. २०१९ साली हिंदी व मराठी या दोन्ही आवृत्त्या गोरेगावच्या चित्रनगरीत हलवण्यात आल्या, तेव्हा प्रेक्षकांच्या लक्षातही येईल असा फरक पडद्यावर पडला नाही.

ही शेवटची गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षानुवर्षे चित्रित झालेल्या कार्यक्रमात सह्याद्री नाही. लोणावळ्याचा पाऊस, धुके, खाली उतरत गेलेली कोकणची बाजू यांपैकी काहीही कथेचा भाग होत नाही; पाऊस ही येथे केवळ ध्वनिमुद्रणातील अडचण. फॉरमॅटला जागा लागते, पण ठिकाण लागत नाही. जे ठिकाण कार्यक्रमात उतरतच नाही त्याला कार्यक्रमाच्या यशात वाटा मागता येत नाही. घर हलले की राहतो तो रिकामा भूखंड.

याउलट पूर्णपणे ठिकाणावर उभ्या असलेल्या मराठी कार्यक्रमाचे उदाहरण 'होम मिनिस्टर' हे आहे. झी मराठीवर सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झालेला व २०२२ साली संपलेला हा कार्यक्रम महाराष्ट्रातील घराघरांत गेला. आदेश बांदेकर 'वहिनी' म्हणून उंबरठा ओलांडतात, गृहिणी आपली कहाणी सांगते, खेळ खेळते आणि पैठणी जिंकते, एवढाच त्याचा साधा आराखडा. समीक्षकांनी त्याच्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले नाही, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. कारण स्वयंपाकघराची मांडणी, सासू-सुनांची भाषा, भिंतीवरच्या तसबिरी, लग्न कसे जमले याच्या हकिगती असा मराठी कुटुंबजीवनाचा अठरा वर्षांचा विलक्षण दस्तऐवज त्यातून नकळत तयार झाला. समाजशास्त्राच्या एखाद्या विभागाने ठरवून केले असते तरी एवढे काम झाले नसते. मात्र हा दस्तऐवज सार्वजनिक अभिलेखागारात नाही. तो एका वाहिनीची मालमत्ता आहे.

कायद्यातील 'कर्ता'

येथे कायद्याची भूमिका पाहणे आवश्यक ठरते. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार चलच्चित्रपटाचा 'कर्ता' दिग्दर्शक नसतो, लेखक नसतो; निर्माता असतो. निर्माता म्हणजे कृती तयार करण्यात पुढाकार घेणारी व जबाबदारी स्वीकारणारी व्यक्ती, अशी व्याख्या कायद्याने केली आहे. दूरचित्रवाणी कार्यक्रम व माहितीपट हे दोन्ही याच वर्गात मोडतात. आता बहुसंख्य भारतीय कार्यक्रमांत वाहिनी निर्मितीसंस्थेला ठरीव खर्च व त्यावर काही टक्के मोबदला देऊन सर्व हक्क करारान्वये स्वतःकडे घेते. परिणामी कायद्याने कर्ता ठरू शकली असती ती संस्थाही प्रत्यक्षात कंत्राटदार बनते.

ही व्यवस्था अपरिहार्य नाही. ब्रिटनमध्ये २००३च्या संज्ञापन कायद्यानंतर स्वतंत्र निर्मितीसंस्थांशी करावयाच्या व्यवहाराचे नियम ठरवण्यात आले आणि कार्यक्रमाचे मूळ हक्क निर्मितीसंस्थांकडे राहू लागले. त्यानंतर ब्रिटिश संस्था जगभर आराखडे विकू लागल्या. भारतीय संस्था मात्र बहुतांशी परदेशी आराखडे विकत घेत राहिल्या. येथे कल्पकतेची वाण होती असे नव्हे. झी टीव्हीने १९९५ साली सुरू केलेला 'सारेगम' हा कार्यक्रम येथेच जन्मला, आणि त्याच परंपरेतील झी मराठीच्या 'लिट्ल चॅम्प्स' पर्वाने २००८-०९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राला घरी बसवले. पण कल्पना सुचलेल्या माणसाकडे ती राहील अशी सोय व्यवहारात नव्हती.

कल्पनेला कॉपीराइट नाही, तिच्या अभिव्यक्तीला आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात स्पष्ट केले. त्यामुळे आराखड्याला थेट संरक्षण मिळणे कठीण असते. न्यूझीलंडमधील ग्रीन खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९८९ साली प्रतिभाशोधाच्या कार्यक्रमाचा आराखडा संरक्षणास अपात्र ठरवला होता. भारतीय न्यायालयांनी मात्र गोपनीयतेच्या मार्गाने काही दिलासा दिला. अनिल गुप्ता विरुद्ध कुणाल दासगुप्ता या २००२ च्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील स्वयंवराच्या कल्पनेला, तर झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या २००३ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने वाहिनीसमोर विश्वासाने मांडलेल्या मालिकेच्या संकल्पनेला संरक्षण दिले. माध्यमशाखेचे जे विद्यार्थी वाहिन्यांकडे प्रस्ताव घेऊन जातात त्यांना हे दोन निकाल शिकवले गेले पाहिजेत. प्रस्ताव लेखी द्यावा, त्यावर तारीख असावी आणि तो गोपनीय असल्याचे नमूद करावे, एवढी खबरदारीही निर्णायक ठरू शकते.

स्पर्धकाची स्थिती याहून नाजूक आहे. कायद्यातील 'प्रयोगकर्ता' या व्याख्येत नट, गायक, नर्तक, कसरतपटू, जादूगार यांच्यासह गारुड्याचाही नामनिर्देश आहे. आपल्याच घरात आपली हकिगत सांगणाऱ्या गृहिणीचा नाही. 'प्रयोग सादर करणारी अन्य कोणतीही व्यक्ती' या शब्दांत तिला बसवता येईल काय, हा वादाचा मुद्दा आहे. गाणाऱ्या स्पर्धकाची गोष्ट निराळी. तो निःसंशय प्रयोगकर्ता होय. २०१२ च्या दुरुस्तीनुसार प्रयोगकर्त्याने लेखी संमती दिल्यावर, करारात वेगळे काही नसेल तर, निर्मात्याच्या उपभोगाला त्याला हरकत घेता येत नाही. परंतु व्यावसायिक वापरासाठी मानधनाचा हक्क त्याला राहतो, आणि आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाध आणणारी मोडतोड झाल्यास दाद मागता येते. रिअॅलिटी कार्यक्रमाचा सारा खेळ संकलनाच्या टेबलावर चालतो. तेथे एका दिवसाच्या दीर्घ चित्रीकरणातून काही मिनिटांचा स्वभाव निवडला जातो. म्हणून ही तरतूद स्पर्धकांच्या दृष्टीने विशेष मोलाची ठरते. करारपत्रे मात्र बहुधा इंग्रजीत असतात आणि उत्साहाच्या भरात ती वाचली जात नाहीत.

मुलांच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. बालकामगार अधिनियमाच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त व विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०११ पासून आहेत. 'लिट्ल चॅम्प्स'चे ते गाजलेले पर्व या दोहोंच्या आधीचे आहे, ही नोंद इतिहास म्हणून करावयास हवी.

माहितीपटाची वेगळी वाट

माहितीपटाचे अर्थकारण याहून वेगळ्या रीतीने घडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईत स्थापन झालेला फिल्म्स डिव्हिजन हा दीर्घकाळ देशातील सर्वांत मोठा माहितीपट-निर्माता होता, आणि चित्रपटगृहांना त्याचे लघुपट दाखवणे बंधनकारक होते. २०२२ साली तो राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आला. १९९५ नंतर डिस्कव्हरीसारख्या वाहिन्या आल्या, परंतु त्यांच्या कामाची पद्धत पुन्हा वाहिनीने निर्मिती सोपवण्याचीच राहिली.

तिसरी वाट पुण्यातच सापडते. समाजकार्याच्या प्राध्यापिका राहिलेल्या सुमित्रा भावे यांनी 'बाई' (१९८५) हा लघुपट केला तो 'स्त्रीवाणी' या संशोधनप्रकल्पाच्या कामातून. झोपडवस्तीतील स्त्रियांच्या मुलाखती अहवालात बंदिस्त न ठेवता त्या स्त्रियांपर्यंत परत न्याव्यात, ही त्यामागची भूमिका होती. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी 'विचित्र निर्मिती' ही संस्था चालवली. आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' (२०११) चौदा वर्षे चित्रित केला. १९९७ च्या रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारापासून सुरू झालेला हा प्रवास कोणत्याही वाहिनीच्या वेळापत्रकात बसला नसता. निर्माता स्वतःच असल्याने तो शक्य झाला. या दोन्ही उदाहरणांत पैसा थोडा, पण हक्क व वेळ निर्मात्याच्या हाती होता.

स्पर्धा व माहितीपट यांचा संकर घडवणारा प्रयोगही महाराष्ट्रात झाला. पानी फाउंडेशनने २०१६ साली वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा सुरू केली आणि पुढील वर्षी 'तुफान आलंया' या कार्यक्रमातून गावकऱ्यांचे श्रमदान मराठी वाहिन्यांवर दिसले. त्याची दुसरी बाजूही तपासावयास हवी, परंतु चित्रीकरण संपल्यावर बांधबंदिस्ती गावात राहिली, एवढा भेद लोणावळ्याच्या घराहून नक्कीच आहे.

मुळशीची कथा

आता मुळशीकडे वळता येईल. मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने हाती घेतलेल्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी. १९२४ पर्यंत लढा ओसरला, धरण झाले, आणि मुळशीचे पाणी घाटाखाली भिरा येथे वीज निर्माण करून मुंबईला प्रकाश देऊ लागले. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. त्यांच्या विवेचनातील एक मुद्दा प्रस्तुत विषयाशी थेट जोडता येतो. जमिनीचे कागदोपत्री मालक असलेले सावकार आणि ती पिढ्यान्‌पिढ्या कसणारे मावळे यांचे हित एक नव्हते. मालकांना मोबदला हवा होता, कसणाऱ्यांना जमीन. मोबदला ज्याच्या नावावर सातबारा त्याला मिळतो.

कथेच्या बाबतीतही तेच घडते. 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या प्रवीण तरडे यांच्या कथापटाने आणि 'अंतिम' (२०२१) या त्याच्या हिंदी रूपांतराने तालुक्याचे नाव देशभर गेले. जमीनविक्री व त्यातून उद्भवलेली गुन्हेगारी हा त्यांचा विषय. सत्याग्रहाच्या मुळशीपेक्षा आज हीच मुळशी अधिक ओळखीची आहे, हे मान्य करावे लागते. बुडालेल्या गावांची कथा विकली जाईल असा आराखडा बाजारात नाही. तिला बाद होणारे स्पर्धक नाहीत आणि अंतिम फेरीही नाही.

प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता राहिलेली नाही. पुढच्या पिढ्यांकडे आहेत त्या ऐकीव हकिगती, बुडालेल्या वाड्यांची नावे, देवांच्या स्थलांतराच्या आठवणी. त्यांचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची साधने तालुक्यातील व पुण्यातील महाविद्यालयांकडे आज आहेत, आणि इतिहास, मराठी, समाजशास्त्र व माध्यमशाखा यांनी एकत्र येऊन ते करता येण्यासारखे आहे. मात्र असे मुद्रण झाले की कायद्याने निर्माता महाविद्यालय ठरेल, सांगणारी आजी नव्हे. आणि प्रकाशनापासून साठ वर्षे ती मालकी टिकेल. म्हणून कॅमेरा सुरू करण्यापूर्वीचा संमतिपत्राचा कागद हाच अशा प्रकल्पातील पहिला शैक्षणिक निर्णय असतो. तो मराठीत असावा व सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावा. मुद्रणाची एक प्रत त्याच्या घरी आणि एक ग्रामपंचायतीत राहील, आणि एखाद्या वाहिनीने वा संस्थेने ते साहित्य मागितल्यास पुन्हा त्या कुटुंबाची परवानगी घेतली जाईल, एवढे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. अशा मसुद्याला विधी महाविद्यालयातील सहकाऱ्याची एका दुपारची मदत पुरेशी आहे.